पोपटमासा, मुक्काम सारंगखेडा

आबा जाळ्याचं फाटलेलं शिवत होते.
सुई दातांत धरून म्हणाले,
"मासा दगड खास?"

खातो. तिकडे कवरत्तीच्या खडकांवर,
पोवळ्याच्या मेलेल्या फांद्यांवर
जे शेवाळ असतं ते खरवडतो चोचीनं.
दगड सोबत येतो, त्याला इलाज नाही.
चोच म्हणजे त्याचे दातच, एकमेकांत मुरलेले,
आणि घशात आणखी दात, जात्याच्या पाळ्यांसारखे.
बुडी मारून गप्प राहिलं की ऐकू येतं,
पंगतीत चाळीस जण
एकदम बिबड्या मोडतायत.

"मंग?"
मग तो जरासा वर होतो,
शेपटीखालून पांढऱ्या वाळूचा धूर सोडतो
आणि पुढच्या दगडाकडे निघतो.
ज्या वाळूवर मी टॉवेल वाळत घालते
ती बरीचशी त्याच्या पोटातून आलेली.

मला वाटलं, आबा हसतील.
त्यांनी विचारलं, "कितली?"

मोठा असला तर वर्षाला शंभर किलो,
कमी-जास्त. सगळे सारखे जेवत नाहीत.
आबांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला.
ब्रासला साडेचार टन. डंपरात तीन ब्रास.
म्हणजे पुलाखालून निघणारा एक डंपर
हा एकशेपस्तीस माशांचा
वर्षभराचा घास.
"काल रातले सात गयात," ते म्हणाले.
पुढचा गुणाकार कोणीच केला नाही.
माय आतून म्हणाली, चहा निवतोय.

रंग सांगताना मी अडखळले.
समुद्र न पाहिलेल्या माणसाला
निळा कुठून दाखवणार?
म्हटलं, शहाद्याच्या दुकानातली नायलॉनची दोरी, नवी,
हिरवी म्हणावी की निळी असा वाद होतो ती.
परांच्या कडेला नंदुरबारच्या पथारीवरची मिरची,
दुसऱ्या उन्हातली, अजून ओली.
गालावर केळफुलाचा जांभळा.
पण हे झालं नराचं.
माद्या मातकट, तांबूस,
घोळक्यानं चरतात, कोणाच्या नजरेत भरत नाहीत.
नर मेला की त्यांतली सगळ्यात थोरली
काही दिवसांत रंग बदलते,
अंगानंही बदलते,
नर होते, आणि तो खडक राखते.

आबांनी सुई खाली ठेवली.
"म्हंजे आपली ठगूआत्या."

ठगूआत्या!
काका वारले त्या महिन्यात
तिनं त्यांचा सदरा चढवला, नाव पाण्यात ढकलली,
आणि धरणाच्या ठेकेदाराला अशी शिवी दिली
की तो आजही तिला राम राम घालतो.
तीन वर्षं पाट्यांवर माशांची नोंद करतेय मी,
हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

रात्री मच्छरदाणीचे कोपरे खोचताना
मी शेवटचं सांगितलं.
अंधार पडला की तो कपारीत शिरतो,
तोंडातून चिकट काहीतरी काढतो
आणि त्याची पारदर्शक पिशवी
स्वतःभोवती फुगवून आत झोपतो.
रक्त पिणारे बारके किडे असतात तिथंही.
आणि सकाळी?
सकाळी फाडून बाहेर. संध्याकाळी नवी.

"रोज नवी?" आबा अंधारातून म्हणाले,
"भलता उधळ्या शे."
जाळ्याचा धागा किलोला किती पडतो
हे त्यांना झोपेतही पाठ आहे.

मग बराच वेळ नुसता पंखा.
मग पुलाकडून गिअर बदलल्याचा आवाज,
एक. थोड्या वेळानं दुसरा.
त्यानंतर मला झोप लागली.

पहाटे तापीवर गेले तर नाव मध्यात,
आबांनी वल्हं उभं पाण्यात रोवलेलं,
मुठीला कान.
त्यांचे वडील असंच वामीचा माग घ्यायचे म्हणतात.
मी काठावरून हाक मारली, काय करताय?
त्यांनी हातानं गप्प केलं.
किती तरी वेळानं म्हणाले,
"ऐकी ऱ्हायनू.
आपलाकडे कोन दळस ते."